अनुभव धागा: भिंतीवर कोणत्या बॉक्सरचा फोटो लावायचा?

पऱ्हाटी
पुतण्यानं काल खोलीत माइक टायसनचं पोस्टर लावलं आणि वहिनीनं ते उतरवायला लावलं. तिनं मोबाइलवर वाचलं होतं, १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली म्हणून. पोट्टा म्हणतो, "मी त्याचा पंच पाहतो, कुंडली नाही."

त्यांचं भांडण ऐकता ऐकता बाबा आठवले. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मास्तर होते. नागपूरचा पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. त्यातला मोहम्मद अलीचा फोटो कापून त्यांनी ओट्यावरच्या भिंतीला खळीनं चिकटवला होता. पंचापेक्षा त्यांना वेगळंच आवडायचं. १९६७ मध्ये अलीनं व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात जायला नकार दिला, विजेतेपद गेलं, ऐन उमेदीची तीनेक वर्षं रिंगात उतरता आलं नाही. "पट्टा गेला, पण शब्द नाही सोडला," असं बाबा सांगायचे. शेजारचे पहेलवान काका मात्र नाव काढू द्यायचे नाहीत. एवढ्या फुशारक्या मारणारा माणूस आखाड्याची माती कपाळाला लावेल का, हा त्यांचा सवाल.

बऱ्याच वर्षांनी बाबांच्या वाचनात जो फ्रेझर नावाच्या बॉक्सरचं आलं. अली बाहेर बसला होता तेव्हा याच फ्रेझरनं त्याला पैशांची मदत केली, बॉक्सिंगचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. आणि १९७५ च्या मनिलातल्या लढतीआधी अली त्यालाच गोरिला म्हणून हिणवत होता. बाबांना ते लागलं. अलीचा फोटो त्यांनी काढला नाही, पण कुठून तरी फ्रेझरचा मिळवून शेजारी लावला.

मलाही तेच पटतं. लढत कोणाचीही पाहावी. भिंतीवर चढवायचा तर माणूस पुरता माहीत करून घ्यावा. तुमच्याकडचे अनुभव लिहा, कोणताही खेळ चालेल.

धामणगाववाला
टायसनची स्पिंक्ससंगची फाइट पाहा ना भाऊ, १९८८ ची. ९१ सेकंदांत खेळ खल्लास. मंग बोला टायसनवर. बाकीचा विषय कोर्टाचा.

वैनगंगाकाठ
कोर्टाचा विषय आमच्या घरात येतो भाऊ. आमच्या नात्यातला एक जण, तालुक्यात नावाजलेला पहेलवान. कुस्तीच्या दंगलीत गावानं फेटा बांधला, इनाम दिलं. त्याची बायको त्या दिवशी पदर गालापर्यंत ओढून बसली होती, कारण गाल सुजला होता. बायांना माहीत होतं. पुरुषांनाही होतं. पुढच्या साली त्याच्या सत्काराला आम्ही बाया गेलोच नाही. ओवाळायला कोणी मिळेना तेव्हा सरपंचानं विचारलं, काय झालं म्हणून. तेव्हा कुठं चार माणसं त्याच्या घरी बोलायला गेली.

म्हणून मेवेदर बॉक्सरचं ५०-०, पन्नास जिंकल्या अन् एकही हरला नाही, ते मला कोणी सांगू नये. आपल्या लेकरांच्या आईला मारलं म्हणून तो २०१२ मध्ये तुरुंगात गेला होता. रेकॉर्ड खरं आहे, मान्य. ओवाळणार नाही.

कपाशीवाला
ताई, त्या वहिनी आता बऱ्या आहेत ना?

वैनगंगाकाठ
हो भाऊ. शिवणकाम करते, पोरगी अकरावीला आहे. तोही नरमला. कुकर झाला, येते मागून.

शिट्टीवाले सर
शाळेत पीटी शिकवतो, अकोला जिल्हा. आमच्याकडे बॉक्सिंगची पोरं बरीच, म्हणून लिहितो. टीव्हीवर दिसतो तो स्वभाव पुष्कळदा तिकिटं विकायला बनवलेला असतो. अली १९६१ मध्ये गॉर्जियस जॉर्ज नावाच्या कुस्तीवाल्याला भेटला. जॉर्ज फुशारक्या मारायचा, आणि लोक त्याला हरताना पाहायला पैसे देतात, हे अलीनं तिथं हेरलं. तेव्हा नुसत्या बडबडीवरून माणूस तोलू नका.

जॉर्ज फोरमन घ्या. १९७४ मध्ये किन्शासात अलीकडून हरला तेव्हाचा फोरमन घुम्या, कोणाशी धड न बोलणारा. मग तो धर्मोपदेशक झाला, दहा वर्षं खेळापासून दूर राहिला. परत आला तो हसत, आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मायकेल मूररला पाडून पुन्हा जगज्जेता झाला. पुढं त्याच्या नावाचे ग्रिल घरोघरी खपले. आता यातला कोणता फोरमन धरायचा? मी माझ्या पोरांना म्हणतो, नंतरचा धरा.

पण मारहाण अन् बलात्कार हा स्वभाव नव्हे. तो गुन्हा. तिथं मी वैनगंगाकाठ ताईंच्या बाजूनं.

धामणगाववाला
सर, टायसननं होलीफिल्डचा कान चावला तो? तो तर रिंगातच चावला.

शिट्टीवाले सर
त्याची शिक्षा रिंगाच्या कायद्यानं झाली. १९९७. ३० लाख डॉलर दंड, परवानाही गेला. होलीफिल्डनं पुढं माफ केलं त्याला.

मोर्शीची संत्री
शंकरपटात बरं आहे. बैल घरी कसा वागते कोणी पुसत नाही.

कपाशीवाला
पुसत नाही कसं? मारका बैल बाजारात कोण घेते बाप्पा? बरं, तुमच्याकडं तुरीवर अळी आहे का? आमच्या शेंगा पोखरून राह्यली.

मोर्शीची संत्री
आहे ना. ढगाळ वातावरण हाय दिवाळीपासून. निंबोळी अर्क मारला, पाहू.

पोट्टीची आई
माझी मुलगी आठवीत, तिला बॉक्सिंगचं वेड. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मेरी कोम अन् निखत झरीनची ट्रायल, म्हणजे निवड चाचणीची लढत झाली होती, मेरी ९-१ नं जिंकली. निखतनं चाचणी घ्या म्हणून मंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. लढतीनंतर मेरीनं हात मिळवला नाही. मुलीनं तो व्हिडिओ आत्ता पाहिला अन् रडली, कारण मेरी तिची देवी. मी तिला सांगितलं, सहा वेळा जग जिंकलेली, लेकरं सांभाळून लढलेली बाई आहे, एका संध्याकाळच्या रागावरून तिला मोजू नको. पण निखतचंही सांगितलं. ती रडत बसली नाही, २०२२ अन् २०२३ ला जगज्जेती झाली. आता मुलगी दोघींची नावं घेते. आणि आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणचंही. पोलंडला २०२१ मध्ये युवा गटात सोनं आणलं तिनं.

कपाशीवाला
अल्फियाचं नाव घेतलं ते लई बेस्ट केलं ताई. आपल्या इकडच्या पोरीचं कोणी काढत नाही.

वैनगंगाकाठ
आले परत. पोट्टीच्या आई, हात न मिळवणं मला पण खटकलं होतं. पण तो राग समोरासमोरचा, बरोबरीच्या बाईवरचा. घरातल्या दुबळ्यावर हात उचलणं वेगळं. मी दोन्ही एका मापात नाही घालणार.

पोट्टीची आई
अगदी बरोबर ताई. सर, एक विचारायचं होतं. मुलीला तालुक्याच्या ठिकाणी शिकायला घालतोय. सामान काय लागेल? तिचे बाबा म्हणतात ग्लोव्हज आधी घेऊ.

शिट्टीवाले सर
ग्लोव्हज मागून. आधी हाताच्या पट्ट्या आणि दातांचं कवच. कवच गरम पाण्यात मऊ करून तिच्याच दातांवर बसवायचं, दुसऱ्याचं वापरू नये. पहिले काही महिने पायांचंच काम चालेल, तक्रार करेल, करू द्या.

आणि ताई, प्रशिक्षकाला न कळवता सरावाच्या वेळी जाऊन या. मेडल किती लटकवलेत ते पाहू नका. हरून आलेल्या पोरीशी तो कसा बोलते, ते कान देऊन ऐका.

पोट्टीची आई
सोमवारी जाते सर. बाजाराचा दिवस आहे, गाडी मिळते.