लोहाराकडून घडवलेला हुक नाइफ: चमच्याच्या खोलग्यात धार का घसरते?

प्रश्न – शिवणफळी

नमस्कार. लाकडी चमचे आणि चाटू कोरण्यासाठी मी आमच्या गावातील लोहाराकडून हुक नाइफ घडवून घेतला आहे. स्वीडनमध्ये चमच्याचा खोलगा कोरण्यासाठी अशी वाकडी सुरी वापरतात. तिची छायाचित्रे पाहून त्यांनी जीपच्या जुन्या कमानपाट्यापासून पाते घडवले, तेलात पाणी दिले, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक केले, आणि बाभळीची मूठ बसवली. पात्याची जाडी ३ मिलिमीटर असून धारेचा उतार बाहेरच्या, म्हणजे फुगीर बाजूने आहे. काम देखणे आहे, परंतु आंब्याच्या सुक्या फळीत खोलगा कोरताना पाते आधी घसरते, मूठ जरा उचलली की एकाएकी लाकडात रुतते आणि मागे खवले उमटतात. दोष पोलादाचा आहे, आकाराचा आहे की माझ्या हाताचा, हे कसे ओळखावे?

उत्तर – धारकरी

आपण केलेल्या वर्णनावरून मला उताराचा संशय येतो. खोलग्यात हे पाते बाहेरच्या उतारावर टेकून सरकते. धारेलगतचा भाग गोलसर राहिला असेल, तर धार लाकडाला लागतच नाही. ती लागावी म्हणून मूठ उचलावी लागते आणि मग पात्याला खालून आधार न राहिल्यामुळे ते रुतते. खात्रीसाठी उतारावर मार्करची शाई लावा आणि सपाट काचेवर चिकटवलेल्या ८०० नंबरच्या वॉटर पेपरवर पाते हलकेच ओढा. धारेजवळ शाई शिल्लक राहिली, तर कारण सापडलेच.

दुरुस्ती घरी होते. ४०० नंबरपासून सुरुवात करून धार मागे राहील अशा दिशेने, वाकाबरोबर मनगट फिरवत पाते ओढावे. कोन साधारण २५ अंशांचा ठेवावा आणि धारेपर्यंतची शाई पूर्ण निघाल्यावरच ८०० व १२०० नंबरकडे वळावे. आतल्या बाजूला उठलेली बर, म्हणजे घासताना धारेवर वळलेली धातूची बारीक कड, गोल काठीला गुंडाळलेल्या वॉटर पेपरने काढावी. मात्र तेथे काठी पात्याला पूर्ण टेकलेली असावी, कारण आतून दुसरा उतार पडला तर पाते पुन्हा घसरू लागते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची वडी घासून धार उजळावी.

जाडीचाही येथे संबंध आहे. ३ मिलिमीटरच्या पात्यावर २५ अंशांचा उतार काढला की त्याची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर होते, तर २ मिलिमीटरच्या पात्यावर ती ५ मिलिमीटरच्याही आत राहते. लहान खोलग्यात रुंद, सपाट उताराची मागची कड भिंतीला घासते आणि धार लाकडात घुसू पाहते. म्हणून मागची कड थोडी गोल करावी, पण धारेलगतचा पट्टा सपाटच ठेवावा. माझ्या मते हुक नाइफचे निम्मे यश या एका गोष्टीत आहे आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते.

उत्तर – ऐरण

पोलादाबद्दल लिहितो. कमानपाट्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो आणि तो सुरीला पुरतो. धारेजवळ चांगली कानस हलकेच फिरवून पाहा: ती सरकून गेली तर पाते कडक आहे, सहज चावली तर मऊ आहे. कोयत्याला घाव सोसायचे असतात, म्हणून कोयते घडवणारा कारागीर पाते जरा चिवट ठेवतो, आणि ते त्या कामासाठी योग्यच असते. कोरीव सुरीला अधिक कडकपणा हवा, हे आपणच आधी सांगायला हवे. पाते मऊ निघाले तर मूठ काढून ते पुन्हा तापवता येते. साधारण ७७० अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे वर नेऊन कोमट तेलात बुडवावे आणि नंतर २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तास-दोन तास ठेवावे. ग्राइंडरवर धार निळी पडली असेल, तर तेवढ्या जागेचा कडकपणा गेला असे समजावे.

उत्तर – रानवाट

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी सुक्या आंब्यावर घेतलेल्या चाचणीवरून हत्याराची पारख करू नये. शिवण किंवा काळा कुडा यांची ताजी तोडलेली फांदी घ्या. चन्नपट्टणची खेळणी या काळ्या कुड्याच्याच लाकडाची करतात. फांदी उभी फोडून मधला गाभा काढून टाका, कारण गाभा ठेवलेला चमचा सुकताना तडकतो. काम थांबवताना तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. खोलगा लाकडाच्या रेषांना आडवा, काठाकडून मध्याकडे, पातळ काप घेत कोरावा. अंगठ्याचा आधार काठाच्या खाली घ्या, धारेच्या वाटेत कधीही नको. लाकूड धरणाऱ्या हातात न कापणारा हातमोजा असावा. कण्हेर आणि बिब्बा यांचे लाकूड जेवणाच्या वस्तूंसाठी मुळीच वापरू नये.

शिवणफळी

सर्वांचे मनापासून आभार. कानस सरकून गेली, म्हणजे लोहारदादांनी पाणी उत्तम दिले आहे. शाई मात्र धारेलगत तशीच राहिली होती. उतार सपाट केल्यावर ओल्या शिवणीत पाते सलग काप काढू लागले, मूठ उचलावी लागत नाही आणि खवलेही उमटत नाहीत. वाकाच्या टोकाशी थोडा भाग अजून गोलसर आहे. तेथे काच पोहोचत नाही, म्हणून अरुंद लाकडी पट्टीवर वॉटर पेपर चिकटवून तो घासतो आहे. पुढचे पाते २ मिलिमीटर जाडीचे घडवायला सांगितले आहे, आणि शेजारच्या डावखुऱ्या मुलासाठी उलट्या वाकाचेही एक.