हाय-गेन अ‍ॅम्पचा टोन घरात एकट्याने ठरवायचा की बँडसोबत?

नौपाडा_फीडबॅक

हाय-गेन अ‍ॅम्पच्या (गेन म्हणजे आवाज फाटेपर्यंत गिटारचा सिग्नल वाढवणं) सेटिंगबद्दल कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: बास 7, मिड 3, ट्रेबल 7, गेन 8. बेडरूममध्ये हे भारी वाटतं. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जॅम पॅडवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, ड्रम सुरू झाले की तीच गिटार गायब होते. मग मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) वाढतो, खोली दणाणते, पण रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी गिटारची ओळ) काही ऐकू येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हाय-गेन अ‍ॅम्पचा टोन एकट्याने, बंद खोलीत, हळू आवाजात जोखूच नये. तिथला निकाल चुकतो. त्याची कारणं कानात, खोलीत आणि स्पीकरमध्ये आहेत.

हळू आवाजात आपल्या कानाला खालची आणि अगदी वरची फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच हे मोजून दाखवलं. म्हणून घरात हात आपोआप बास आणि ट्रेबलकडे जातो. तेच सेटिंग 100 डेसिबलला नेलं की बास फुगतो आणि ट्रेबल टोचतो.

आता खोली. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधली 10 बाय 12 ची बेडरूम घ्या. दहा फुटांवर समोरासमोर असलेल्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे 112 ला, आवाज घुमतो. बारा फुटांत 47 आणि 94. पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून मारलेल्या फटक्याचा) दणकाही साधारण याच पट्ट्यात, 90 ते 150 मध्ये असतो. त्यामुळे ज्याला तुम्ही अ‍ॅम्पचा थंप म्हणता, त्यातला मोठा वाटा भिंतींचा आहे. बास नॉबला हात न लावता खुर्ची दोन फूट मागे घ्या, थंप बदललेला ऐकू येईल.

आणि स्पीकर. 12 इंची स्पीकरमधून वरची फ्रिक्वेन्सी टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. कॅब (स्पीकरचं खोकं) जमिनीवर आणि तुम्ही चार फुटांवर उभे, म्हणजे झोत तुमच्या गुडघ्यावर. कानाला धार जाणवत नाही म्हणून प्रेझेन्स (अगदी वरच्या धारेचा नॉब) 8 वर जातो, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुई घुसते.

माझी पद्धत अशी. कॅब मागे झुकवा किंवा खुर्चीवर ठेवा, स्पीकर कानाकडे पाहू दे. सगळे नॉब मध्यावर, गेन 4 वर. ड्रम आणि बेस गिटार सुरू असतानाच मास्टर लावा. मग आधी मिड फिरवा, रिफमधला प्रत्येक पिकचा फटका वेगळा ऐकू येईपर्यंत. त्यानंतर बास, खालून वर. ट्रेबल शेवटी. मगच गेन, आणि तो लागेल तेवढाच.

खारघर_हेडफोन

असहमत. कारणं बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्री 10 ते सकाळी 6 हा काळ 'रात्र' धरला आहे. व्हिंटेज 30 स्पीकरची संवेदनशीलता पाहा: 1 वॅट, 1 मीटर, 100 डेसिबल. फ्लॅटमध्ये एक वॅटसुद्धा वापरता येत नाही. पॅडवर आठवड्यातून दोन तास मिळणार, बाकी सगळं वाजवणं आणि रेकॉर्डिंग घरात. टोन जिथे ऐकला जाणार तिथेच जोखला पाहिजे, आणि बहुतेकांचा टोन आज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला जातो.

घरात जोखण्याची शिस्त मात्र हवी. अ‍ॅम्पला रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी जोडायचा, स्पीकरसारखाच वागणारा डबा), पुढे कॅबचा आयआर (कॅबच्या आवाजाची डिजिटल नक्कल), लो-कट (याखालचं कापायचं) 80 ते 100 हर्ट्झ, हाय-कट (यावरचं कापायचं) 8 किलोहर्ट्झच्या आसपास. ऐकण्याची पातळी एकच ठेवायची, मॉनिटरच्या नॉबवर पेन्सिलने खूण करून टाका. दोन सेटिंग्ज ताडताना दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण एखाद डेसिबल जास्त असलेलं सेटिंग कानाला 'जास्त चांगलं' वाटतं. आणि एकट्या गिटारवर निकाल द्यायचा नाही, ड्रम-बेसच्या ट्रॅकवरच द्यायचा. एवढं केलं तर तुमच्या पॅडची गरज उरत नाही.

घोडबंदर_ड्रॉप_सी

'मिड वाढवा' हा मंत्र सगळीकडे चालत नाही. ड्रॉप सी ट्यूनिंगला खालची तार 65.4 हर्ट्झवर असते. दोन गिटार, दोन्हीकडे मिड 8, मग 400 ते 800 मध्ये नुसता बोदा आवाज साचतो, खोक्यात बसून वाजवल्यासारखा. आणि स्कूप, म्हणजे मिड कापणं, ही नवशिक्यांची चूक असती, तर मेसा बूगीच्या मार्क टू सी प्लस अ‍ॅम्पवर पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू कशाला असता? 80, 240, 750, 2200, 6600 हर्ट्झ, आणि मधली 750 ची पट्टी खाली ओढून इंग्रजी व्ही करायची, हे त्या अ‍ॅम्पचं सर्वांत ओळखीचं सेटिंग आहे. थ्रॅश मेटलच्या रिदमचा आवाज त्याच्यावर उभा आहे.

ऐरोली_सोल्डर

इथे सगळे आकडे बोलताहेत, पण नॉबवरच्या आकड्याला दुसऱ्या अ‍ॅम्पवर काहीच अर्थ नाही. आधी सर्किट पाहा.

मार्शल जेसीएम 800 अ‍ॅम्पच्या टोन स्टॅकमध्ये (ट्रेबल-मिड-बास नॉबांच्या सर्किटमध्ये) 33 किलोओहमचा स्लोप रेझिस्टर, ट्रेबलला 470 पिकोफॅरॅड, बास आणि मिडला 22 नॅनोफॅरॅडचे दोन कपॅसिटर. हे जाळं पॅसिव्ह आहे, म्हणजे ते फक्त कापू शकतं, वाढवू शकत नाही. सगळे नॉब 5 वर ठेवले तरी 500 ते 700 च्या आसपास खड्डा असतोच. फेंडर पद्धतीत स्लोप रेझिस्टर 100 किलोओहमचा, खड्डा आणखी खाली आणि जास्त खोल. तेव्हा 'मध्यावर' म्हणजे सपाट, ही समजूत काढून टाका. शिवाय तिन्ही नॉब एकमेकांत अडकलेले आहेत. ट्रेबल खूप वर असेल तर मिड आणि बास फिरवून फारसं काही होत नाही. 'मिड नॉब चालतच नाही' अशी तक्रार घेऊन लोक अ‍ॅम्प उघडतात, आणि बहुतेक वेळा ट्रेबल 9 वर असतो.

ड्रॉप सी भाऊ, मार्कचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. त्या अ‍ॅम्पमध्ये ट्रेबल-मिड-बासचे नॉब गेनच्या आधी येतात आणि पट्ट्या गेननंतर. फरक इथेच आहे. गेनच्या आधी बास भरला की तोच बास ट्यूबला आधी चिरडतो, पिकचा फटका विरघळतो आणि पाम म्यूट 'धग' न वाजता 'भ्वाऽऽ' वाजतो. म्हणून मार्कवर बासचा नॉब 1-2 वर ठेवतात आणि वजन नंतर 80 च्या पट्टीने परत आणतात. पीव्ही 5150 किंवा मार्शलवर टोन स्टॅक गेननंतर आहे, त्यामुळे तिथे बासचा नॉब कितीही कमी केला तरी गेनच्या आत झालेला चिखल निघत नाही. तो आधीच काढावा लागतो, गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावून: ड्राइव्ह 0, लेव्हल जवळपास पूर्ण, टोन मध्यावर. त्या पेडलच्या क्लिपिंगमध्ये (आवाज फाडणाऱ्या भागात) 720 हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी होत जातो, म्हणून ते गेन वाढवण्यापेक्षा आवाज घट्ट करायला जास्त उपयोगी पडतं.

प्रेझेन्स आणि रेझोनन्स (खालच्या दणक्याचा नॉब) हे तर टोन स्टॅकमध्ये नाहीतच, ते पॉवर अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह फीडबॅकमध्ये (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आणणाऱ्या वाटेत) आहेत. मेसाच्याच ड्युअल रेक्टिफायर अ‍ॅम्पच्या मॉडर्न मोडमध्ये तो फीडबॅक काढून टाकलेला असतो, म्हणून तिथे बास किती येणार हे कॅब ठरवतो. स्पीकरचा इम्पिडन्स (विद्युत विरोध) त्याच्या स्वतःच्या घुमण्याच्या फ्रिक्वेन्सीजवळ आणि वर ट्रेबलमध्ये चढतो, अ‍ॅम्प त्या चढाला प्रतिसाद देतो.

हेडफोनवाले, तुमचा 'रिअ‍ॅक्टिव्ह' शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. साध्या 8 ओहमच्या रेझिस्टरवर अ‍ॅम्प चालवला की तो चढ जातो आणि आवाज मेल्यासारखा येतो. आणि लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

कोपरी_बेस

गिटारवाल्यांच्या धाग्यात बेसवाल्याचं एक ऐका. बेसची खालची ई 41.2 हर्ट्झ, गिटारची 82.4. गिटारने 100 च्या खाली जे भरलंय ते माझ्या दुसऱ्या हार्मोनिकवर (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवर) आणि किक ड्रमवर बसतं. दोघांचं मिळून वजन वाढत नाही, दोघंही पुसट होतो.

एक चाचणी सुचवतो. बेस आणि गिटार एकच रिफ सोबत वाजवू दे. चार बारनंतर गिटारने थांबायचं, बेसने चालू ठेवायचं. गिटार थांबल्यावर खालचा भाग हलका झाला, तर गिटारचा बास जास्त होता. फक्त धार आणि अंग गेलं, पाया तसाच राहिला, तर बरोबर आहे. मग उलट करा: बेस थांबवा. एकटी गिटार थोडी बारीक, थोडी नाकातली वाटली पाहिजे. एकटी भरदार वाटत असेल तर मिक्समध्ये ती जास्तच आहे.

नौपाडा_फीडबॅक

सोल्डर, आकड्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. 'सगळे नॉब मध्यावर' ही मी फक्त सुरुवातीची जागा म्हणून सांगितली होती, पण मार्क पद्धतीच्या अ‍ॅम्पवर सुरुवातच बास 2 पासून हवी, हे त्यात जोडतो. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने गिटार आणि पेडलबोर्ड नेता येतो, 4 बाय 12 चा (चार 12 इंची स्पीकरचा) कॅब नाही. पॅडवर जो अ‍ॅम्प असेल त्यावर वाजवायचं असतं. त्यामुळे आकडे पाठ करण्यापेक्षा नॉब कोणत्या क्रमाने फिरवायचे हे पाठ असावं.

ड्रॉप सी, स्कूपवर मात्र मी ठाम आहे. मार्कमध्ये 750 खाली ओढलं तरी गेनच्या आधीच्या ट्रेबल नॉबमुळे वरचे मिड ठासून भरलेले असतात, म्हणून गिटार हरवत नाही. साध्या तीन नॉबांच्या अ‍ॅम्पवर मिड 2 केला की 750 सोबत 1500 सुद्धा जातं, आणि पिकचा फटका तिथेच असतो. रेकॉर्डिंगमध्ये स्कूप ऐकू येतो तो तीन-चार गिटार ट्रॅक एकावर एक चढवून. स्टेजवर दोनच गिटार असतात.

घोडबंदर_ड्रॉप_सी

ट्रॅकची गोष्ट मान्य, पण मग दोन गिटारवाल्यांनी दोन वेगळे मिड ठेवावेत. एकाने 500-600 भरावं, दुसऱ्याने 1.2 ते 1.5 किलोहर्ट्झ. तीन नॉबांच्या अ‍ॅम्पवर हे जमत नसेल तर इफेक्ट्स लूपमध्ये साधा ग्राफिक ईक्यू पेडल टाका. लूप गेननंतर येतो, म्हणजे सोल्डर म्हणाले ते मार्कचं काम तुम्ही कुठल्याही अ‍ॅम्पवर करू शकता. 'सगळ्यांनी मिड वाढवा' याला माझा विरोध कायम.

गेनबद्दल कुणीच नीट बोललं नाही. खालच्या तारेवर पाम म्यूटचे तीन फटके मारा आणि थांबा. फटक्यांच्या मधली शांतता ऐका, फटका नको. तिथे सूं-सूं भरलेली असेल तर गेन जास्त आहे. मग उघडा मायनर कॉर्ड वाजवा. तिसरा सूर ओळखू येत नसेल तर गेन अजून जास्त आहे. लोक इथे नॉइज गेटचा (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या पेडलचा) थ्रेशोल्ड वाढवून शांतता विकत घेतात, आणि मग लांबवलेला सूर मध्येच कापला जातो. आधी गेन उतरवा, गेट नंतर.

खारघर_हेडफोन

ही गेनची चाचणी हेडफोनवरही तंतोतंत होते, ड्रमची गरज नाही. बेसवाल्यांची चाचणीही ट्रॅकवर होते, म्यूटचं बटण दाबून. तुमच्या पॅडबद्दल उलट एक प्रश्न: तुर्भे-वागळेच्या गाळ्यांमध्ये भिंतींवर एक इंचाचा फोम चिकटवलेला असतो. तो वरची फ्रिक्वेन्सी खातो, 100 हर्ट्झला हातही लावत नाही. त्यात वाजवणारे फोमचेच इअरप्लग घालतात, तेही वरचा भाग जास्त कापतात. अशा जागी लावलेला प्रेझेन्स कॉलेज फेस्टच्या उघड्या मैदानावर काय करेल? त्याला बरोबर निकाल कसा म्हणायचा?

नौपाडा_फीडबॅक

मुद्दा योग्य आहे. प्लग घातलेले असताना ट्रेबल आणि प्रेझेन्सला हात लावायचा नाही. सगळी फ्रिक्वेन्सी साधारण सारखी उतरवणारे म्युझिशियन प्लग मिळतात, ते घ्या. प्लग नुसते काढून टाकणं हा उपाय नाही, कारण 100 डेसिबलला कानाची सुरक्षित मुदत साधारण 15 मिनिटंच आहे. मैदानावर माइक लागणार असेल तर प्रेझेन्सचा निकाल माइकवरून द्या: एसएम 57, ग्रिलपासून एक-दोन इंच, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर. धार कमी-जास्त करायची तर आधी माइक अर्धा इंच सरकवा, नॉब नंतर. पण बास आणि मिडचा निकाल मी अजूनही ड्रमसमोरच देईन. हेडफोनमध्ये झांजा अंगावर येत नाहीत.

खारघर_हेडफोन

माइकवरून जोखायचं म्हणजे मॉनिटरवरच जोखायचं, मग आपण माझ्याच पद्धतीवर आलो. असो. घरचे प्रीसेट पॅडवर नेणाऱ्यांसाठी एक सूचना: मॉडेलर (अ‍ॅम्प-कॅबची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) जेव्हा पॅडच्या अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्नमध्ये लावाल, तेव्हा त्यातलं कॅब सिम्युलेशन बंद करा. दोन कॅब एकामागे एक लागले की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, आणि लोक तासभर ट्रेबल वाढवत बसतात.

कोपरी_बेस

आणि मॉडेलरमध्ये लावलेला लो-कटही आठवणीने बघा, ग्लोबल ईक्यूमध्ये (सगळ्या प्रीसेटना लागणाऱ्या) राहून जातो. प्रीसेटमध्ये 100 आणि ग्लोबलमध्ये पुन्हा 100 लागला की गिटार कागदासारखी होते. मग तुम्ही अ‍ॅम्पचा रेझोनन्स वाढवता, आणि पुन्हा माझ्या जागेत येता.