मदत हवी आहे: लेवीयमधलं ‘प्रायश्चित्त’ नेमकं कशाचं?

नमस्कार. बायबलमधलं लेवीय हे पुस्तक सध्या सावकाश वाचतेय आणि एका जागी अडकलेय. बाळंतिणीनेही पापार्पण म्हणून पारव्याचं पिलू किंवा होला आणायचा (अध्याय १२). मूल होणं हे पाप कसं? लेवीयचे अभ्यासक जेकब मिलग्रोम यांच्या मते हे अर्पण पापाचं नसून शुद्धीचं आहे. रक्ताने माणूस नव्हे, पवित्रस्थान धुतलं जातं. हे मला पटतं, कारण प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक रक्त शिंपडतो ते दयासनावर (कराराच्या कोशाच्या झाकणावर) आणि त्याच्यापुढे, लोकांवर नाही.

पण मग १७:११ (अध्याय १७, वचन ११) चं काय? तिथे रक्तात जीव असतो म्हणून ते तुमच्या जिवांसाठी प्रायश्चित्त करतं, असं स्पष्ट म्हटलंय. उलट फार गरीब माणसाला एफाचा (धान्य मोजायचं माप) दहावा भाग सपीठ चालतं (५:११), म्हणजे रक्ताशिवायही क्षमा! आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी ज्या बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून सगळी पापं कबूल करतात, तो मारतच नाहीत, रानात सोडतात.

आपल्याकडे प्रायश्चित्त म्हणजे चुकलेल्याने स्वतः घ्यायचं. ‘प्रायश्चित्त करणे’ असं ज्याचं भाषांतर होतं त्या हिब्रू ‘किप्पेर’ क्रियापदासाठी हा शब्दच दिशाभूल करतो का? हिब्रू येणाऱ्यांनी कृपया सांगा.