परिवर्तन म्हणजे नक्की काय मोजायचं? (गिरणगाव, एमएचा प्रकल्प)

लालबागची_पूर्वा

नमस्कार सगळ्यांना. मी समाजशास्त्रात एमए करतेय, दुसरं वर्ष. प्रकल्पाचा विषय घेतलाय 'गिरणगावातलं परिवर्तन', म्हणजे मुंबईतल्या लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या भागातलं. घेताना वाटलं होतं हा तर आपल्या घरचाच विषय, आजोबा साचा खात्यात (मागावर कापड विणायच्या खात्यात) होते, आमची खोली अजून लालबागलाच आहे, गॅलरीतून पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची तिथे आता टॉवर दिसतो, लिहायला किती वेळ लागणार. पण मागच्या आठवड्यात विभागात सेमिनार दिला आणि तिथेच अडकले.

माझी पहिली स्लाइड होती '१८ जानेवारी १९८२, संप सुरू', म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप, आणि खाली दोन रकाने, आधी आणि नंतर. इतिहासाचे एक सर ऐकायला आले होते, ते म्हणाले १९८२ पासूनच का सुरू करतेस? अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या हे सगळं संपामुळे झालं हे कशावरून, संप झालाच नसता तर काय झालं असतं ते आधी सांग. आणि माझ्या गाइड म्हणाल्या, बदललं कोण, जागा की माणसं? मला तिघांनाही उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असा की वेगवेगळ्या विषयांतले लोक बदलाचा अभ्यास नक्की कसा करतात? एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूने बघतात, की मुळात वेगवेगळ्याच गोष्टी बघत असतात? सिद्धांतांची पुस्तकं वाचलीत, पण आजोबांचा गिरणीचा लाल पास हातात घेतला की त्यातलं काय कुठे लावायचं ते कळत नाही. कोणी या सगळ्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

जुने_कागद

पूर्वा, त्या सरांनी विचारलं ते बरोबरच विचारलं, मी पण इतिहासवालाच आहे. आमच्याकडे पहिली सवय हीच लावतात की ज्या तारखेला सगळे सुरुवात म्हणतात तिच्या मागे जाऊन बघायचं. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली, ताडदेवला, आणि ती चालू झाली १८५६ मध्ये. तिथपासून १९८२ पर्यंत गिरणगाव काही एका जागी थांबलेलं नव्हतं. १९२८ चा संप सहा महिने चालला आणि त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन मोठी झाली. मग १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, त्यात एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनने बोलणी करायची. कामगारांना ती युनियन आपली वाटत नव्हती पण मालकांशी बोलायचा हक्क तिलाच. १९८२ च्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, त्यांच्याकडे कामगार गेले ते नुसत्या बोनससाठी नाही, हा ३५ वर्षांचा राग त्यात होता. म्हणजे तुझ्या 'आधी'च्या रकान्यातच बदल भरलेला आहे आणि तू तो स्थिर धरलायस.

आता दुसरी बाजू बघ, संप संपला कधी? अधिकृतपणे तो कधीच मागे घेतला गेला नाही. कोणी काही महिन्यांनी कामावर परत गेलं, कोणी गावी गेलं ते तिकडेच राहिलं, १९८३ मध्ये १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, काही गिरण्या पुढे वर्षानुवर्षं रडतखडत चालू होत्या. मग तुझा 'नंतर' कुठल्या दिवशी सुरू होतो?

आणि आजोबांशी बोलशील तेव्हा त्यांनी एखादी तारीख चुकीची सांगितली तर दुरुस्त करून पुढे जाऊ नकोस. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे, तिथे १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात एक तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी पुढे तिथल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या तर बरेच जण सांगायचे की तो १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनात गेला. कागद बघितला तर चूक, पण ही चूक सगळ्यांची सारखीच का झाली हा खरा प्रश्न होता. कपातीची जखम लोकांना इतकी मोठी वाटत होती की तो मृत्यू त्यांनी तिथे नेऊन ठेवला. तारीख लिहून घे आणि आजोबांनी ती कशाला जोडून सांगितली ते पण लिहून घे.

हिशेबी_मनुष्य

मी अर्थशास्त्र शिकवतो, ज्युनिअर कॉलेजला. मॅडमचा प्रश्न कोरडा वाटला असेल पण त्याच्याशिवाय 'मुळे' हा शब्द वापरता येत नाही. आपल्या समोर जे घडलं ते एकदाच घडलंय, जे घडलं नाही ते दिसत नाही, म्हणून आम्ही तुलना शोधतो. तुझ्या केसमध्ये तुलना समोरच आहे, अहमदाबाद. तिथेही शंभर वर्षांच्या कापड गिरण्या, तिथेही हजारो कामगार, पण युनियनची परंपरा मजूर महाजनची, लवादाने तंटा सोडवायची, आणि १९८२ सारखा संप तिथे झाला नाही. तरी ऐंशीच्या दशकात अहमदाबादच्या गिरण्यासुद्धा एकामागून एक बंद पडल्या. म्हणजे संप नसतानाही गिरण्या बुडत होत्या. कारण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग, तिकडे कारखाना कायदा नीट लागू नाही, पगार कमी, कर कमी, आणि इकडे मालकांनी कित्येक वर्षं नवीन मशिनरी घातलेली नाही. संपाच्या काळात तर बरंचसं कापड यंत्रमागावरच विणून घेतलं गेलं.

माझं म्हणणं संपाने काहीच झालं नाही असं नाही. जे पंधरा-वीस वर्षांत हळूहळू झालं असतं ते मुंबईत दीड-दोन वर्षांत झालं, आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं एकदम त्यात सापडली. दिशा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आमच्या विषयात त्या आधी वेगळ्या करतात.

जुने_कागद

@हिशेबी_मनुष्य सर, अहमदाबादचा मुद्दा घ्यायलाच हवा, पण एक अडचण वाटते. अहमदाबादच्या मालकांनी मुंबईत काय चाललंय ते बघितलंच असेल ना, त्यांच्या निर्णयांवर त्याचा परिणाम झाला नसेल असं कसं धरायचं? दोन शहरं म्हणजे दोन वेगळ्या काचेच्या बरण्या नाहीत.

हिशेबी_मनुष्य

बरोबर आहे, म्हणून ती तुलना पुरावा म्हणून न वापरता तपासणी म्हणून वापरावी. पूर्वाने एवढं लिहिलं तरी पुरे की फक्त संपाला धरून सगळं सांगता येत नाही.

नकाशावाला_परळ

भूगोल + जीआयएस (संगणकावरचे नकाशे). माझा स्वतःचा अनुभव सांगतो, थोडं लांबेल. एमएस्सीला असताना मी उत्साहाने गिरणगावचा भू-वापर बदलाचा नकाशा करायला बसलो होतो. लँडसॅट उपग्रहाचे फोटो घेतले, १९८२ नंतर त्यात ३० मीटरचा पिक्सेल मिळतो, म्हणजे जमिनीचा ३० बाय ३० मीटरचा तुकडा हा एक ठिपका. दोन काळातले फोटो घेतले, वर्गीकरण केलं, एकावर एक ठेवले, आणि नकाशात आलं काय तर परळ-लोअर परळमध्ये जवळपास काहीच बदल नाही! कारण आधी 'बांधकाम' होतं आणि नंतर पण 'बांधकाम'च. गिरणीची शेड पण बांधकाम, चाळ पण बांधकाम, चाळीस मजली टॉवर पण बांधकाम. ज्या जागेवरून अख्खं जग उठून गेलं ती जागा माझ्या नकाशात शांतपणे लाल रंगात बसली होती. मला खूप वाईट वाटलं होतं त्या दिवशी, कारण माझे काका त्याच लाल ठिपक्यात रंगखात्यात होते.

मग मी उपग्रह सोडला आणि विकास नियंत्रण नियमावली वाचायला लागलो, आणि माझ्यासाठी बदलाची तारीख झाली १९९१. नियम ५८. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. गिरण्यांची जमीन एकूण सुमारे ६०० एकर, म्हणजे हिशेब कर केवढी मैदानं आणि घरं झाली असती. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, ज्यावर बांधकाम उभं आहे ती धरायची नाही. कोर्टात गेलं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. एका वाक्यात जमीन गेली. ते वाक्य कुठल्याही फोटोत दिसत नाही.

अजून एक, तुमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात शिकागोवाल्यांचा (शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांचा) 'सक्सेशन' हा शब्द येईल, एक वस्ती जाऊन दुसरी येते. तो शब्द वनस्पतीशास्त्रातून उचललेला आहे, पडीक जमिनीवर आधी गवत मग झुडपं मग झाडं, तसा. जपून वापर. गवताला कोणी नोटीस देत नाही आणि झाडाला एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येईल त्याची मर्यादा) मिळत नाही. लंडनमध्ये रुथ ग्लास यांनी १९६४ मध्ये 'जेंट्रिफिकेशन' (गरिबांच्या वस्तीत पैसेवाले येतात आणि जुन्यांना जावं लागतं) हा शब्द काढला तो मला जास्त बरोबर वाटतो, त्यात कोण आलं आणि कोणाला जावं लागलं हे निदान दिसतं.

शब्दवेल्हाळ

भाषाशास्त्रातून थोडंसं. आमच्याकडे पन्नास वर्षं थांबून बदल बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून एकाच वेळी म्हातारे, मधले आणि तरुण यांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यांच्यातल्या फरकाला काळातला बदल मानतात. विल्यम लबॉव यांनी मार्थाज विनयार्ड बेटावर असंच केलं, १९६३ मध्ये छापून आलं. तुला जमण्यासारखं आहे: तीन पिढ्यांना विचार, 'पाळी', 'खातं', 'बदली', 'भोंगा' हे शब्द कोण कसे वापरतं. आमच्या बिल्डिंगमध्ये कॉल सेंटरला जाणारा मुलगा शिफ्ट म्हणतो आणि त्याची आजी अजून 'रातपाळीला गेलाय' म्हणते. फक्त एक धोका आहे, काही फरक काळाचे नसतात, वयाचे असतात, तोच मुलगा साठीला आला की वेगळं बोलेल. आणि 'बदली' या शब्दाकडे खास लक्ष दे. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहून कोणी कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम मिळेल म्हणून वाट बघणारा. कित्येकांची वर्षानुवर्षं त्या बदलीतच गेली.

कमलताई_निवृत्त

पूर्वा बाळा, सगळं वाचलं, सगळे छान सांगतायत पण सगळ्यांच्या बोलण्यात कामगार म्हणजे पुरुषच आहे म्हणून लिहितेय. मी कॉलेजात स्त्री-अभ्यास शिकवायचे.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात (सूत गुंडाळायच्या कामात) मुख्यतः, नगावर पैसे. मग त्या कमी होत गेल्या. बायकांना रात्री कामाला ठेवायचं नाही असे कायदे झाले, १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, तो चांगलाच होता पण त्याचे पैसे मालकाने द्यायचे होते त्यामुळे बाई महाग वाटायला लागली, आणि गिरण्यांत रॅशनलायझेशन (कमी माणसांकडून जास्त काम) सुरू झालं तेव्हा पहिली कुऱ्हाड बायकांच्याच खात्यांवर पडली. संप झाला तोवर गिरणीत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. म्हणजे बायकांपुरतं बघितलं तर गिरणगावातलं मोठं परिवर्तन १९८२ च्या कितीतरी आधी होऊन गेलं होतं, आणि त्याची तारीख कोणाच्या स्लाइडवर नसते.

ज्या बाहेर पडल्या त्यांचं काय झालं? कितीतरी जणी खाणावळ चालवायच्या. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले पाळीपाळीने जेवायचे, त्यांच्या डब्यावर गिरणी चालायची पण ती बाई कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच खाणावळवाल्यांसाठी, सावकाराच्या ऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मग संपात पगार थांबला, जेवणारे गावी गेले, तेव्हा त्यांच्या उधारीचं काय झालं हे विचार कोणाला तरी. गाइडनी विचारलेला 'कोण बदललं' हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. आधी माणूस ठरव, मग तारीख त्या माणसाला विचार.

जुने_कागद

कमलताईंना मनापासून धन्यवाद, हे मीच लिहायला हवं होतं. पूर्वा, एक छोटी गोष्ट. तू 'लाल पास' म्हणालीस. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं देताना जे पुरावे मागतात त्यात तो लाल पास आहे, तिकीट नंबर, पगारपावती, पीएफ, ईएसआयचा नंबर वगैरेही. आणि पात्रता कोणाला, तर १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्याला. म्हणजे कायद्यानेही स्वतःची सुरुवात ठरवलीय. त्या तारखेच्या आधी बाहेर पडलेला माणूस त्या हिशेबात गिरणी कामगारच नाही. खाणावळवाली तर नाहीच.

लालबागची_पूर्वा

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मी घरी बसून हेच करत होते.

काल रात्री आजोबांना विचारलं. ते मोठ्याने बोलतात, साच्यांच्या आवाजाने कान गेलेत, आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून अर्धं कळतं त्यांना. मी विचारलं गिरणगाव कधी बदललं, तर लगेच म्हणाले ब्याऐंशीला. मग तेच आजीला विचारलं. आजी भाजी निवडत होती, तिने वर पण नाही बघितलं, म्हणाली "माझी आई रिळिंगला होती. तिला घरी बसवली तेव्हा."

मला माहीतच नव्हतं. मी चोवीस वर्षं या खोलीत राहतेय, गिरणी म्हटलं की आजोबा एवढंच मला माहीत, पणजी गिरणीत होती हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, बाबांना पण नव्हतं माहीत. आजी म्हणाली ती जन्मायच्या आधीची गोष्ट, पण तिच्या आईची बोटं दोऱ्याने चिरलेली शेवटपर्यंत तशीच होती आणि ती लुगड्याच्या पदरात हात झाकून बसायची. घरी बसल्यावर पणजीने खाणावळ घातली, तीच पुढे आजीने चालवली, याच खोलीत, १४ जणांची. संपात त्यातले ११ जण गावी गेले. उधारी एका वहीत होती, आजोबांनी ती वही नंतर कुठेतरी टाकून दिली म्हणे, आजीला अजून त्याचा राग आहे.

तर मी रकाने काढून टाकलेत. गाइडशी बोलले, आता प्रकल्प आमच्या चाळीतल्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांवर करतेय, आणि प्रत्येकीला तीन गोष्टी विचारणार, तुमच्यासाठी बदल कधी झाला, तो तुम्ही कशावरून ओळखला, आणि तेव्हा काय तसंच राहिलं. १९८२ ही तारीख मी आधी उच्चारणार नाही. आजीसकट सहा जणी तयार झाल्यात.

एक मदत हवीय. पणजी १९३० च्या आसपास रिळिंग खात्यात असेल, गिरणीचं नाव आजीला नक्की आठवत नाही, लालबागच्या नाक्याजवळची एवढंच सांगते. तिच्या नावाचा एखादा कागद, हजेरी, पगाराचं काहीही, कुठे शोधता येईल का? लाल पास बिस काही नाहीये तिचा. कोणाला माहीत असेल तर सांगा.

जुने_कागद

एकटीच्या नावाने सापडणं अवघड आहे, पण त्या काळात कामगार खात्याने गिरणी कामगारांची मजुरी आणि घरखर्च यांच्या पाहण्या केल्या होत्या, त्यांचे छापील अहवाल आहेत, त्यात रिळिंगवाल्या बायकांची मजुरी मिळेल. राज्य पुराभिलेखागाराचं मुंबईचं ऑफिस काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. आणि पणजीचं लग्नाआधीचं नाव आजीकडून आजच लिहून घे.