पीएफ, पेन्शन आणि कपाटातली ती फाईल: तुमचे अनुभव लिहा

अबोली
लेकीला पहिली नोकरी लागली. काल जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन कंपनीचे फॉर्म भरत बसली होती, मधेच ओरडली, "आई, पीएफला नॉमिनी कोण टाकू? आणि हे ईपीएस काय वेगळं असतं?" नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला (उत्तर येत नसलं की तो हेच करतो). मला बाबांची फाईल आठवली.

बाबा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, मशीन शॉपला. दरवर्षी पीएफची स्लिप यायची. अरुंद कागद, डॉट मॅट्रिक्सची छपाई, आकडे रकान्याबाहेर घसरलेले. चहा झाला की बाबा पेन्सिल घेऊन बसायचे: आपली कपात, कंपनीचा वाटा, वर व्याज. नव्वदच्या दशकात व्याज १२ टक्के होतं, त्यामुळे बेरीज झाली की चेहरा खुलायचा. मग एका वर्षी कंपनीच्या रकान्यातला आकडा एकदम आटला. बाबा तडक टाइम ऑफिसात भांडायला. तिथल्या कारकुनाने सांगितलं की १६ नोव्हेंबर १९९५ पासून कंपनीच्या हिश्श्यातले, पगाराच्या ८.३३ टक्के पैसे पेन्शन योजनेत (हीच ती ईपीएस) जातात, "म्हातारपणी मिळतील हो." बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "माझेच पैसे, मलाच उधारीवर."

२००३ ला रिटायर झाले. पेन्शन बसली सातशे आणि वर काही रुपये. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन हजार झाली तेव्हा पासबुक भरून आणून शेजारच्या काकांना दाखवून आले होते. आता आईला विधवा पेन्शन आहे, तीही हजार. तिचा गॅस सिलिंडर त्यात येतो, वर भाजीपुरती चिल्लर उरते.

तुमच्या घरी काय चित्र आहे? जुनी पेन्शनवाले, एनपीएसवाले (म्हणजे नवी, बाजारावर अवलंबून असलेली पेन्शन), बँकवाले, काहीच नसलेले, सगळे लिहा. म्युच्युअल फंडाच्या लिंका मात्र टाकू नका, हात जोडते.

मीरा_स
वाचतेय. कुकर लावून येते, माझ्याकडे भरपूर आहे लिहायला.

कळवा लोकल
वागळे इस्टेट!! कुठली कंपनी ते विचारत नाही, पण आमचे काकाही तिथलेच. पगाराच्या दिवशी मामलेदारची मिसळ ठरलेली. पेन्शनचं मला काही माहीत नाही, मिसळ आठवली म्हणून आलो.

पेन्शनर नाना
अबोलीताई, मी तीस वर्षं अकाउंट्सला काढली, म्हणून हिशेब मांडतो. ईपीएसचं सूत्र अगदी साधं आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण पगार कितीही असो, धरायचा जास्तीत जास्त १५,०००. आणि १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० चीच मर्यादा. कोणी अख्खी ३५ वर्षं १५,००० वरच काढली असं समजा, तरी हातात ७,५००. आमच्या साहेबांचा पगार लाखाच्या वर होता. पेन्शन ऐकल्यावर मला म्हणाले, "नाना, हा आठवड्याचा आकडा आहे ना?"
२० वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं बोनस मिळतात, हे मात्र लक्षात ठेवा. बरेच जण विसरतात.

नाईटशिफ्ट
चाकण. ब्रेकमध्ये टाईप करतोय चुका समजून घ्या. मी ठेकेदाराकडे. ठेकेदार बदलला की नवीन माणूस नवीन यूएएन (पीएफचा नंबर) काढतो. माझे दोन झाले. त्यात पहिल्या ठिकाणी नाव ज्ञानेश्वर 'डी एन' ने आणि आधारवर 'जी वाय' ने. पैसे दिसतात पण निघत नाहीत. जॉइंट डिक्लरेशनवर (नाव दुरुस्तीचा अर्ज) सही पाहिजे तर तो ठेकेदार फोन उचलत नाही. पोरांनो पासबुक दर महिन्याला बघा. पगाराच्या पावतीवर कपात दिसली म्हणजे भरले असं नाही. आमच्यातल्या एकाचे आठ महिने कोरे निघाले.

सातारी कंदी
@नाईटशिफ्ट माऊलींच्या नावाला असा त्रास! 😅
गंमत जाऊ दे, ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी काही बोलू नका.

नाईटशिफ्ट
हे माहीत नव्हतं. धन्यवाद दादा. भोंगा झाला, जातो.

मीरा_स
आले. तर आमचं बँकेचं. ह्यांच्या बँकेत (नाव नको) १९९५ ला पेन्शन आली. पीएफ ठेवा नाहीतर पेन्शन घ्या, असं होतं. संपात गेलं तर मागची सेवा बुडेल असं एक कलम होतं म्हणे, आणि हे युनियनचे. "संपावर न जाता मी बँकेत काय करू?" म्हणून पीएफच ठेवला. ब्रँचमधले निम्मे तसेच. निवृत्त झाल्यावर पीएफची रक्कम आली, तिच्या एफड्या केल्या.
२०१० ला पुन्हा संधी आली. निवृत्त झालेल्यांना अट अशी की बँकेच्या वाट्याचा घेतलेला पीएफ परत करा आणि त्यावर आणखी ५६ टक्के भरा. आमच्या घरी त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. धाकटे दीर म्हणाले, साठी उलटल्यावर कोणी पैसे परत देतं का? हे डायनिंग टेबलावर एफडीच्या पावत्या पत्त्यांसारख्या मांडून बसायचे, कुठली मोडायची, कुठली ठेवायची. शेवटी दोन सोडून सगळ्या मोडल्या. एक तर मुलाच्या लग्नासाठी बाजूला काढलेली.
ते २०१६ ला गेले. मला फॅमिली पेन्शन येते, महागाई भत्त्यासकट. दीर आता त्याबद्दल बोलत नाहीत.

अबोली
मीराताई 🙏 भरलेली रक्कम केव्हाच वसूल झाली असेल.

मीरा_स
अगं केव्हाच. मुलाच्या लग्नाला कर्ज काढलं, ते त्यानेच फेडलं. सूनही बँकेत आहे, पण ती २०१० नंतरची, तिला एनपीएस. एका घरात दोन नियम.

फळा खडू
एका घरात दोन नियम? एका शाळेत म्हणा. माझी आणि मैत्रिणीची निवड एकाच यादीतून झाली. तिची ऑर्डर दिवाळीआधी निघाली, माझी दिवाळीनंतर. २००५ ला लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं, आणि राज्य सरकारची तारीखही तीच! त्या दिवशी किंवा नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. आम्ही दोघी एकाच स्टाफरूममध्ये, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या. ती निवृत्त होईल तेव्हा शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं आणि वर डीए. मी शेअर बाजार बघते. मार्च २०२३ च्या संपात १४ ते २० तारखेपर्यंत आम्ही दोघीही "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडत होतो. तिला काही गरज नव्हती. तरी आली, डबा घेऊन, माझाही.

सातारी कंदी
फळा खडू मॅडम, जाहिरात कधीची होती? फेब्रुवारी २०२४ चा जीआर आहे, पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आणि रुजू नंतर, अशांना जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प दिला होता.

फळा खडू
हो हो, अर्ज मुदतीत दिलाय. जाहिरातीचं कात्रण पाहिजे होतं. ते कोणाकडे सापडलं माहितीये? मैत्रिणीच्या सासऱ्यांकडे. ते पेपरमधलं काहीही कापून वहीत डकवतात, पाककृती, मृत्यूची बातमी, पदभरती, सगळं एकत्र. झेरॉक्सवर मागच्या पानावरची शंकरपाळीची कृती अर्धी दिसतेय. निर्णय अजून यायचाय.

कळवा लोकल
शंकरपाळीची कृती पण टाका इथे.

खामगावची कन्या
आमचे आजोबा सूतगिरणीत होते. ईपीएस ९५ वाले आमच्या बुलढाणा जिल्ह्यात काय, किती वर्षांपासून उपोषणाला बसतात. किमान साडेसात हजार, वर महागाई भत्ता, आणि नवरा-बायकोला मोफत औषधपाणी, एवढंच मागतात. आजोबा गुडघे दुखत असले तरी जायचे. मी म्हटलं, काय उपयोग आहे का आजोबा? तर म्हणे, "घरी बसून तरी काय करतो बाप्पा, तिथं माझ्या खात्यातले तीन जण भेटतात."

गोंयकार
आमच्या गोव्यात ज्यांनी आयुष्यात एक रुपया कापून दिला नाही त्यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत महिन्याला २,००० मिळतात. मिळायलाच हवेत, तक्रार नाही. पण माझा बाप तीस वर्षं खाणीवर, कपात नेमाने, आणि ईपीएस हजार पाचशे. तो म्हणतो, मी मधल्या मधे कोणाची नोकरी केली रे?

लालबागचा जावई
विषय थोडा वेगळा. सासरे गिरणीत. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर परत कामावर घेतलं नाही. पीएफ निघाला तो गावच्या घराच्या कौलांना गेला, पेन्शनचा प्रश्नच नाही, योजना तेरा वर्षांनी आली. सासूबाईंनी खानावळ चालवून तीन पोरं शिकवली. म्हणून आमच्या घरात रिटायरमेंट प्लॅन म्हटलं की सासूबाईंकडे बोट दाखवतात. त्यांचं बोंबिलाचं कालवण, अहाहा.

टेम्सकाठची
इकडे इंग्लंडमध्ये २०१२ पासून नियम आला की २२ वर्षांपुढच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांच्या वर कमावणाऱ्याचं नाव मालक परस्परच पेन्शनमध्ये घालतो. नको असेल तर आपण कळवायचं. पगाराच्या ठरावीक भागावर किमान ८ टक्के, त्यातले किमान ३ मालकाचे. मला आवडलं ते हे की माणसाच्या आळसाचा त्याच्याच भल्यासाठी वापर केलाय. वाईट हे की नोकरी बदलली की तो गठ्ठा तिथेच राहतो. माझे चार गठ्ठे चार कंपन्यांत पडलेत. एकत्र करायला बसते, पासवर्ड आठवत नाही, उठते.

मीरा_स
तिकडे गणपतीत मोदक काय भावाने मिळतात गं?

टेम्सकाठची
विचारू नका. घरीच करते. उकड बिघडते.

रानभाजी
घाईत लिहिते. सगळे "पीएफला हात लावू नका" म्हणतात. मी लावला. घरासाठी काढला, नंतर कोविडमध्ये अ‍ॅडव्हान्स मिळत होता तोही काढला, तीन महिन्यांचा बेसिक. नवऱ्याचं काम बंद होतं. आज विचाराल तर परत तेच करेन. ५८ व्या वर्षी मला पैसे लागतील, कबूल. पण छप्पर ३४ व्या वर्षी लागत होतं. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी सामान बांधून बघा मग व्याजदर सांगा.

पेन्शनर नाना
@रानभाजी पटलं. घरासाठी तर योजनेतच तरतूद आहे, त्यासाठीच आहे ती. मी ज्यांना नको म्हणतो ते म्हणजे नोकरी बदलली की १० सी भरून पेन्शनचे पैसे काढणारे. त्याने सेवा पुसली जाते. दहा वर्षं भरली तरच पेन्शन बसते. साडेनऊ झाली तरी दहा धरतात. माझ्याकडे सहा अधिक पाच असे बरेच यायचे, सहा वर्षांचे पैसे काढून मोकळे झालेले. नोकरी बदलताना सेवा ट्रान्सफर करा, किंवा स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घ्या.
आणि अबोलीताई, लेकीचं नॉमिनेशन: आत्ता आईवडिलांचं टाकू दे. लग्न झालं की पुन्हा भरायला लावा, जुनं चालत नाही. तिच्या नकळत पीएफबरोबर विमाही असतो, ईडीएलआय. नोकरीत असताना काही झालं तर ७ लाखांपर्यंत वारसाला मिळतात. आमच्या कंपनीत एका विधवेला ते दोन वर्षांनी कळलं, कारण सांगायला कोणी गेलंच नाही.

अबोली
हे नवऱ्याला टीव्ही बंद करून वाचून दाखवलं. धन्यवाद नाना.

सुपारी कात्री
हयातीच्या दाखल्यावर कोणी बोललं नाही अजून. आजीचे बोटांचे ठसे उमटत नाहीत, आयुष्यभर राखेने भांडी घासली. मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. पुसून, तेल लावून, गरम पाण्यात बुडवून, सगळं झालं. मग मोबाईलवर चेहऱ्याने करायचं ठरवलं. आजीला वाटलं फोटो काढायचाय. नऊवारी नेसली, नथ घातली, पावडर. अ‍ॅप म्हणतं डोळे मिचकावा. आजी म्हणे, "परक्या माणसापुढे डोळे मिचकावू?" तिला समजावण्यात अर्धा तास. शेवटी हसताना आपोआप मिचकावले गेले आणि हिरवी खूण आली. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही, ज्या दिवशी द्याल तिथून वर्षभर चालतो, म्हणून आम्ही आता तिच्या वाढदिवसाला करतो. नथ असतेच.

खामगावची कन्या
😂😂 आजीला नमस्कार सांगा.

काठावरचा
उशिरा आलोय. वय ५२, मागच्या महिन्यात कंपनीने नारळ दिला. २४ वर्षं सेवा. ग्रॅच्युइटी आली, १५ भागिले २६ ने (महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला १५ दिवसांचा पगार) बरोबर आहे, तपासली. प्रश्न असा की ईपीएस आत्ता सुरू करता येते म्हणतात. करू का?

पेन्शनर नाना
करता येते, ५० पासून. पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी ४ टक्के कमी, कायमचे. तुमची सहा वर्षं, म्हणजे साधारण चौथा हिस्सा गेला. दुसरी नोकरी मिळायची शक्यता असेल तर थांबा. मिळाली की सेवाही वाढेल. काय काम करत होतात?

काठावरचा
टूल रूम. डाय मेकिंग.

कळवा लोकल
काठावरचा, मेसेज बघा. भावाच्या वर्कशॉपला अंबरनाथला डाय मेकर हवाय, दोन महिने जाहिरात देतोय, माणूस मिळत नाही. पीएफ कापतो, भरतोही.