मदत हवी आहे: आडवाटांनी मोटरसायकल कॅम्पिंग, पाच दिवस, एकट्याने

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय. पुढच्या महिन्यात पाच दिवस गाडी घेऊन आडवाटांनी भटकायचंय, हायवे जमेल तितका टाळून, रात्री तंबूत. डांबरीवरचे लांबचे दौरे भरपूर झालेत पण सामान लादून कच्च्या रस्त्यावर कधी गेलो नव्हतो, म्हणून गेल्या शनिवारी एका रात्रीची रंगीत तालीम केली आणि ती अशी काही फसली की टायरबरोबर माझीही हवा गेलीय.

गाडी ४०० सीसीच्या आसपासची, पुढे २१ इंची मागे १८ इंची स्पोकची चाकं, आत ट्यूब, टाकी १३ लिटरची. दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅगा, त्यात कपडे, स्टोव्ह वगैरे. मागे कॅरिअरवर मोठी वॉटरप्रूफ बॅग, तिच्यात तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, हत्यारं, स्पेअर ट्यूब आणि ५ लिटर पाण्याचा कॅन.

आता काय काय झालं ते सांगतो. ६० च्या पुढे गेलं की हॅन्डल डुलायला लागतं आणि खडीवर तर पुढचं चाक जमिनीला टेकलंय की नाही असं वाटतं. मागचा प्रीलोड (मागच्या स्प्रिंगचा आधीच दिलेला ताण) वाढवला, थोडा फरक पडला पण गेलं नाही. दुसरं म्हणजे चेन. आदल्या रात्री रिकामी गाडी असताना मस्त टाइट केली होती, उगाच वाटेत सैल नको म्हणून, तर सामान लादून वर मी बसल्यावर कुंई कुंई आवाज आणि बंद गाडी ढकलायलाही जड.

आणि मग पंक्चर. वाळूचा पट्टा आला, व्हिडिओत बघितलं होतं की वाळूत हवा कमी करायची, म्हणून मागची १८ पीएसआयवर आणली, वाळू पार झाली, मी खूश, पुढे तसाच गेलो आणि दहाबारा किलोमीटरवर फुस्स. ट्यूब काढली तर नोझल मुळापासून फाटलेलं, पॅच कुठे लावणार! स्पेअर ट्यूब होती पण ती २१ इंची, पुढच्या चाकाची. चार तास मित्राची वाट बघत बसलो दगडावर.

मार्गाचीही गंमतच. घरी कॉम्प्युटरवर तासभर बसून छान आडवाटा जोडून मार्ग आखला, त्याची जीपीएक्स फाइल (आखलेला मार्ग ज्यात सेव्ह होतो ती) फोनच्या ॲपमध्ये टाकली, तर ते भलतीकडूनच नेतंय, सारखं मोठ्या रस्त्याकडे ओढतंय. दोनदा मागे फिरलो, एकदा तर नकाशात सरळ रस्ता आणि प्रत्यक्षात कुलूप लावलेलं फाटक.

एकूण ९०० किमी आखलेत, म्हणजे रोजचे १८०. डांबरीवर मी ५०० आरामात करतो त्यामुळे हे कमीच धरलेत. जाणकारांनी सांगा, हॅन्डलचं काय करू, ट्यूबलेस करून घेऊ का, आणि मार्ग नेमका कसा आखायचा?

प्रतिसाद १
दादा, हसू नये पण हसलो. २१ ची ट्यूब अडीनडीला १८ च्या टायरमध्ये चालते हो! थोडी दुमडून बसते, कायमची ठेवायची नाही पण हळूहळू घरी पोचता आलं असतं. उलटं मात्र करू नका, मागची जाड ट्यूब पुढच्या अरुंद टायरमध्ये बसत नाही. म्हणूनच बरेच जण एकच ट्यूब न्यायची असेल तर पुढची नेतात. तुम्ही नकळत बरोबरच केलं होतंत, चार तास उपाय बॅगेत घेऊन बसलात.

नोझल फाटलं ते हवा कमी म्हणून. भरलेल्या गाडीत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते आणि नोझल रिमच्या भोकात अडकलेलं असतं, मग फाटणारच. रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प) नसेल तर इतकी हवा काढू नका, आणि काढलीच तर वाळू संपली की लगेच भरा, छोटा पंप त्यासाठीच असतो. अजून एक, नोझलचा नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपणाला टेकवून ठेवा. टायर सरकायला लागला की नोझल तिरकं झालेलं दिसतं, वेळेत कळतं. ट्यूबलेसच्या भानगडीत आत्ता पडू नका, त्याआधी घरी दोन वेळा टायर उतरवून चढवायची प्रॅक्टिस करा.

प्रतिसाद २
चेनबद्दल. स्प्रिंग दबते तसं मागचं चाक वर जातं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हॉट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे फ्रेमला जोडलेला असतो तो सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर टाइट केलेली चेन लोड आल्यावर तारेसारखी होते आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. थोडी सैल चेन फार तर आवाज करेल. टाइट चेन इंजिन खोलायला लावते. मॅन्युअलमधला आकडा घे, तो कुठल्या स्थितीत मोजायचा तेही तिथेच दिलेलं असतं, मग सामान बांधून तू वर बसलेला असताना दुसऱ्या कुणाला तरी चेन हलवून बघायला सांग, थोडी तरी हलली पाहिजे. पुढच्या स्प्रॉकेटपाशी ऑइल झिरपतंय का तेही बघून घे, आवाज आला होता म्हणतोस म्हणून सांगतोय.

प्रतिसाद ३
फाइलमध्ये तुम्ही बहुतेक रूट सेव्ह केलाय, ट्रॅक नाही. रूट म्हणजे नुसते काही थांबे, मधला रस्ता प्रत्येक ॲप आपल्या मर्जीने काढतं. ट्रॅक म्हणजे बिंदू-बिंदूंची ठरलेली रेघ, ती बदलत नाही. ट्रॅक म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ऑफलाइन नकाशावर नुसती ती रेघ बघत चला. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशे मात्र घरूनच उतरवून न्या.

ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा) कच्च्या वाटांना बऱ्याचदा ग्रेड १ ते ५ दिलेला असतो, १ म्हणजे पक्की, ५ म्हणजे नुसती मऊ माती नाहीतर गवत. एकट्याने आणि लोड घेऊन मी ४-५ च्या वाटेला जात नाही, बाकी ज्याची त्याची हौस. कंटूरच्या (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषा दाट आणि वाट त्यांना सरळ कापत जातेय म्हणजे खडा चढ. सॅटेलाइट फोटो बघा पण तो जुना असू शकतो. फाटक नकाशात दिसेलच असं नाही, म्हणून प्रत्येक आडवाटेला बाहेर पडायची दुसरी वाट आधीच आखून ठेवायची.

आणि १८० कमी नाहीत! थांबे धरून कच्च्यावर तासाला २५ पडले तरी खूप, म्हणजे सात तास झाले, त्यात एक पंक्चर, एक चुकलेली वाट, आणि तंबू उजेडात लागला पाहिजे. १०० धरा. पेट्रोलचंही तेच, डांबरीवरचा ॲव्हरेज विसरा. लिटरला २२ धरले तर १३ लिटरमध्ये २८६, त्यातले दोन तृतीयांशच आपले समजा, म्हणजे १९०. तेवढ्यात पंप आला पाहिजे.

(अवांतर: रोजचा महागडा फोन हॅन्डलवर लावू नका. मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो हे ॲपलने स्वतःच २०२१ मध्ये सांगितलंय. जुना फोन वापरा.)

प्रतिसाद ४
सगळ्यांनी सगळं सांगितलं, हॅन्डलचं राहिलं. कॅरिअरवर किती किलो चालतं ते बघितलंय का? बहुतेक कॅरिअरवर लिहिलेलं असतं. आणि ती बॅग एकदा वजनकाट्यावर ठेवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच खाली जाऊन बघून आलो. कॅरिअरवर बारीक अक्षरात ७ किलो लिहिलंय. बॅग भरली १९.

हत्यारं, पाणी आणि ट्यूब सगळं तिथेच होतं, म्हणजे सगळं जड सामान मागच्या एक्सलच्याही मागे, आणि मी प्रीलोड फिरवत बसलो. आता हत्यारं आणि ट्यूब सॅडलबॅगेत तळाशी पुढच्या बाजूला घेतली, वर फक्त तंबू, मॅट आणि स्लीपिंग बॅग, भरले साडेसहा. रस्त्यावर चक्कर मारून आलो, ७० ला हॅन्डल गप्प. चेनही सैल केली, ऑइल झिरपत नाहीये, सुटलो. मार्ग ५०० वर आणतोय, जीव तुटतोय पण आणतोय.

फक्त पाण्याचं कळत नाहीये. ५ लिटर म्हणजे ५ किलो, सॅडलबॅगा भरल्यात, टँकबॅगेत ठेवलं तर उभं राहून चालवताना पोटाला लागतं. कुठे बांधता तुम्ही लोक?

प्रतिसाद ५
एकच कॅन कशाला? अडीच-अडीच लिटरच्या दोन मऊ पिशव्या घ्या आणि पायाच्या पुढे, क्रॅश गार्डला दोन बाजूंना एकेक बांधा. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा म्हणजे झालं, नाहीतर पिशवी वितळते. माझी वितळलीय.