मदत हवी आहे: गव्हाणीसमोरचा बर्फ जुन्या अवजारांनी कसा काढावा?

वाऱ्याने गव्हाणींच्या तोंडाशी बर्फाचे ढीग लागतात आणि गुरं चाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. फावड्याने रोज काढणं आता झेपत नाही. नवं यंत्र घ्यायचं नाहीये. हाताशी जुना ट्रॅक्टर, मागचं लेव्हलिंग ब्लेड आणि कुट्टी उडवणारा गंजका ब्लोअर आहे.

ब्लेडचं जमेल असं वाटतं: ट्रॅक्टर गव्हाणीपर्यंत मागे न्यायचा, ब्लेड टेकवायचं आणि बर्फ ओढत बाहेर आणायचा. खाली शेण गोठून दगड झालेलं असतं, म्हणून पात्याला जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं रबर लावावं म्हणतो. रबर किती खाली सोडावं?

खरी अडचण ब्लोअरची. पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनावर अवजार फिरवणारा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांचा आहे, पण कुट्टी कोरडी नि हलकी. ताजा बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो, वाऱ्याने दाबलेला ३०० च्या पुढे. ओला बर्फ नळीत चिकटून बसेल अशी भीती आहे. नळी रुंद आणि आखूड केली तर चालेल का? शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) कुठे बसवावा? गव्हाणीजवळ तुटक्या तारा असतात, त्या उडून गुरांना लागू नयेत म्हणून कुणी काय केलंय? की ब्लोअरचा नाद सोडून फक्त ब्लेडवरच भागवावं?